रामटेक शाखेचं व्याज

कर सल्लागाराकडे दिवाळी अंकासाठी लेख मागणारा संपादक धाडसी तरी असतो, नाहीतर त्याचं स्वतःचं विवरणपत्र भरायचं राहिलेलं असतं. आमच्या बाबतीत दुसरं कारण होतं. ते काम करून दिलं. आता लेख.

नागपूरच्या महाल भागात एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी आयुष्यभर लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरली. मी सीए नाही. सीएकडे लोक वेळ ठरवून जातात, आमच्याकडे भाजी घेऊन घरी जाताना येतात. त्यामुळे माझ्या टेबलावर कागदांच्या शेजारी कायम कोणाची तरी मेथी असायची. पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त अभियंता प्राप्तिकर विभागाच्या नोटिशीसोबत आपली पत्रिका घेऊन आले होते. उत्तर कोणत्या दिवशी पाठवलं तर लाभेल, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, मुदतीच्या आत कुठल्याही दिवशी लाभतं. त्यांना हे फार उथळ वाटलं आणि ते दुसरीकडे गेले.

असे लोक आठवले की हसू येतं. पण संपादकांनी "लक्षात राहिलेलं एक प्रकरण" असं म्हटलं, तेव्हा जे आठवलं त्याचं हसू येत नाही. ते अजून पुरतं संपलेलंही नाही. त्यातल्या मुलीचं नाव मी बदललं आहे आणि गावंही आपसात फिरवली आहेत, तेव्हा कोणी शोधायला निघू नये. लेख तिला वाचून दाखवला. तिनं एक परिच्छेद काढायला लावला, तो काढला.

जून महिन्यात वैशालीचा फोन आला. वैशाली वकील आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी विधी सेवेची कामं करते, म्हणजे पुष्कळ काम आणि चहाचे पैसे स्वतःचे.

"ताई, भरपाईवर टॅक्स लागतो का?"

"कशाची भरपाई? जमिनीची, अपघाताची, नोकरी गेल्याची?"

"माणसाची," ती म्हणाली. "विकलेल्या."

दुसऱ्या दिवशी ती दोघींना घेऊन आली. एक शकूमावशी, रामटेकला यात्रेकरूंच्या भोजनालयात पोळ्या करते. दुसरी तिची भाची, हिला आपण रेणू म्हणू. अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. ती खुर्चीत बसली आणि आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग जिन्याकडे. मला वाटलं उकडतंय म्हणून पाहते आहे, मी पंखा वाढवला.

रेणूची आई नाही. लग्नाच्या नावाखाली तिला परराज्यात एका घरी पैसे घेऊन पोहोचवलं गेलं, त्याला काही काळ लोटला होता. पोलिसांनी तिला परत आणलं, ज्या बाईनं व्यवहार जुळवला तिच्यावर खटला उभा राहिला, आणि खटला चालू असतानाच विधी सेवेनं रेणूला भरपाई मंजूर केली. थोडी रक्कम हातात, बाकीची तिच्या नावानं बँकेत मुदत ठेव. त्या ठेवीवर मार्चअखेर व्याज जमा झालं आणि बँकेनं त्यातून कर कापला. शकूमावशीचा प्रश्न एवढाच होता, की हा कोणता न्याय.

मी त्यांना समजावून सांगितलं, तसंच इथं सांगते. भरपाई म्हणजे उत्पन्न नव्हे. काटोलकडच्या माणसानं बागेतली संत्री विकली तर ते उत्पन्न. कोणी त्याचं झाडच तोडलं आणि कोर्टानं त्या झाडाची किंमत द्यायला लावली, तर ती किंमत उत्पन्न होत नाही, कारण त्यानं काही मिळवलेलं नाही, गमावलेलं आहे. प्राप्तिकर कायद्यात आपत्तीत सापडलेल्यांना मिळालेल्या मदतीसाठी वेगळी तरतूद आहे. विकल्या गेलेल्या माणसांसाठी नावानिशी कलम मला सापडलं नाही. त्यांचा विचार करायला कोणाला सवड झाली नसावी. म्हणून आमच्यासारखे लोक झाडाचा दाखला देतात आणि समोरच्या अधिकाऱ्याला तो पटावा अशी आशा करतात.

रेणू इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मग मी झाड आहो काय?"

"गप वं," शकूमावशी म्हणाली. "मॅडम सांगून राहिल्या ना."

"नाही," मी म्हटलं. "पण कायद्याला झाडं लवकर कळतात."

ती हसली नाही, पण दाराकडे बघायचं थांबली.

"तर मूळ रकमेवर कर नाही," मी पुढे सांगितलं. "पण ती रक्कम बँकेत ठेवली की तिचं व्याज हे उत्पन्न होतं, मग रक्कम कशीही आलेली असो. तुमचं एकूण उत्पन्न इतकं कमी आहे की कर लागणार नाही, कापलेला परत मिळेल. फक्त तो कोणाच्या पॅनवर जमा झाला ते सांगा."

"पॅन?" शकूमावशी म्हणाली. "माझं नाही. हिचं बी नाही."

"मग बँकेनं कोणाचं लावलं?"

"कोनाचंच नाही. साहेबानं हिचं आधार घेतलं. म्हणे होते बरोबर, सिस्टममधी सगळं येते."

माझे वडील उमरेडला मागावर बसायचे. धागा तुटला की ते हाताच्या अंदाजानंच थांबत. तुटल्या जागीच जोडला तर गाठ दिसत नाही, पुढे वीत-दीड वीत विणून गेलं की सगळं उसवावं लागतं. तो अंदाज मला त्या क्षणी आला. कारण अल्पवयीन मुलांच्या उत्पन्नाचा एक नियम आहे आणि तो मला पाठ आहे.

नियम असा. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचं उत्पन्न त्याच्या आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवायचं, ज्याचं जास्त असेल त्याच्या. लोक कर वाचवायला पोरांच्या नावानं ठेवी ठेवत, त्यांना आवरायला केलेला हा नियम, आणि त्या कामापुरता तो शहाणाच आहे. त्याला एक अपवाद आहे. मुलानं स्वतःच्या अंगमेहनतीनं किंवा कलेनं कमावलेलं असेल तर ते त्याचंच धरतात. म्हणजे रेणूनं नाचून, गाऊन पैसे मिळवले असते तर ते तिचे. तिच्यावर जे ओढवलं त्यापोटी मिळालेल्या पैशांचं व्याज मात्र बापाचं.

"बाप कुठं असतो?" मी विचारलं.

शकूमावशीनं उठून दार लोटून घेतलं.

मग वैशालीनं सांगितलं. बाप काटोलला. बागांतली संत्री झाडावर असतानाच विकत घेतो आणि माल बाहेर पाठवतो, म्हणजे पॅन आहे, विवरणपत्र आहे, सगळं आहे. त्या बाईकडून त्यानं पैसे घेतले, की लग्नाचं स्थळ समजून तोही फसला, हे कोर्टासमोर यायचं होतं. ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती माझ्यासमोर खुर्चीत बसली होती. साक्षीची तारीख जुलैअखेर. रेणू बालगृहात होती तेव्हा बाप दोनदा तिथं येऊन गेला. एकदा रडला, एकदा फाटक हलवून ओरडला. म्हणून बालकल्याण समितीनं तिला गुपचूप मावशीकडे ठेवलं. मावशी पूर्वी उमरेडला राहायची. तो तिथंही जाऊन आला, तेव्हा घराला कुलूप होतं. ती रामटेकला गेल्याचं तिनं शेजाऱ्यांनाही सांगितलेलं नव्हतं.

"त्याले पत्ता भेटला तर?" मी विचारलं. महालात इतकी वर्षं काढल्यावर कोणाशी बोलताना भाषा कुठं वळेल ते आपल्या हातात राहत नाही.

उत्तर रेणूनं दिलं. "तर मी कोर्टात काही बोलू नाही शकणार. तो समोर आला ना, की माझं तोंड उघडत नाही. तो मारत नाही मॅडम. नुसता बसते."

मी दुसऱ्या दिवशी मनीषनगरच्या घरून थेट रामटेक गाठलं. बँकेतला शाखाधिकारी तरुण होता, सज्जन होता, मला पाणी दिलं. मागे भिंतीवर "ग्राहक हाच आमचा देव" असं लिहिलेलं आणि देवांची रांग पंख्याखाली उभी. वैशालीचं पत्र दाखवल्यावर त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. पालक म्हणून बापाचं नाव होतं. बापाचं पॅन होतं.

"समितीच्या आदेशात पालक म्हणून मावशीचं नाव आहे," मी म्हटलं.

"हो मॅडम, पण मावशीकडे पॅन नाही, आणि पालकाचं पॅन टाकल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही. मुलीचं आधार टाकलं तर तिचं जुनं शाळेच्या शिष्यवृत्तीचं खातं निघालं आमच्याच काटोल शाखेत. त्यात वडिलांचं पॅन होतं, ते आपोआप आलं. नैसर्गिक पालक आहेत ना ते. नियमातच बसते."

आणि खरं दुखणं हेच होतं, की बसत होतं. बँकेनं कायद्याच्या विरुद्ध काहीही केलेलं नव्हतं. चूक असती तर मी आवाज चढवला असता.

"कर कापल्याचं हे पुढे कोणाला दिसतं?"

"ज्याचं पॅन त्याला. त्याच्या एआयएसमध्ये."

एआयएस म्हणजे विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक करदात्यासाठी तयार असलेला तक्ता. वर्षभरात तुमच्या पॅनवर कोणी काय जमा केलं, कुठं व्याज मिळालं, सगळं त्यात येतं. चांगली सोय आहे. पूर्वी लोक आमच्यापासून लपवायचे, आता विभागच आधी सांगून टाकतो.

"काय काय दिसतं?"

"बँकेचं नाव, रक्कम, कापलेला कर."

"शाखा?"

"शाखा असतेच ना मॅडम. नाहीतर त्यांना कळणार कसं, कुठली ते?"

बँकेचं तिमाहीचं पत्रक विभागाकडे मेअखेर गेलेलं होतं. म्हणजे काटोलच्या त्या माणसाच्या तक्त्यात "रामटेक शाखा" हे शब्द आत्ता, मी पाणी पीत होते तेव्हा, होते. त्यानं उघडून पाहायचाच अवकाश होता. आणि जुलै म्हणजे तो तक्ता उघडण्याचाच महिना. विभाग मोबाइलवर संदेश पाठवतो, की तुमची माहिती पाहा, मग विवरणपत्र भरा. लोक लग्नाच्या निमंत्रणापेक्षा त्याला घाबरतात.

उपाय एकच होता. रेणूचं स्वतःचं पॅन काढायचं, मावशी प्रतिनिधी म्हणून, आणि बँकेकडून दुरुस्तीचं पत्रक भरून घ्यायचं, म्हणजे व्याज आणि कर बापाच्या पॅनवरून निघून तिच्या पॅनवर येईल. पुस्तकी पंडित विचारतील की नियमाप्रमाणे ते शेवटी बापाच्याच उत्पन्नात मिळवायचं ना? विचारोत. तो वाद मी विभागापुढे घालायला तयार होते. आधी ते दोन शब्द त्याच्या पडद्यावरून जायला हवे होते.

पॅन लवकर आलं. दुरुस्ती अडकली. ती शाखेच्या हातात नव्हती, नागपूरच्या विभागीय कार्यालयात एका साहेबांची मंजुरी लागायची आणि साहेब ग्राहक सन्मान सप्ताहात गुंतले होते. मी तिथं जाऊन बसायला लागले. तिसऱ्या खेपेला सभागृहातच कार्यक्रम होता म्हणून मलाही आत नेऊन बसवलं, हातात गुलाब दिला. दीपप्रज्वलन झालं. तीन वेळा, कारण पहिल्या दोन वेळी छायाचित्रकार तयार नव्हता. मग सत्कारासाठी बोलावलेले एक ज्येष्ठ ग्राहक आलेच नाहीत असं लक्षात आलं, आणि पांढरे केस पाहून एका उत्साही मुलीनं मला व्यासपीठावर नेलं. शाल घातली, नारळ दिला, माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाले.

मी म्हटलं, "या बँकेच्या साहेबांना भेटण्याची माझी फार दिवसांची इच्छा आज पूर्ण झाली. त्यांच्या टेबलावर रामटेक शाखेची एक दुरुस्ती आहे. तिला मंजुरी मिळाली तर मी ही शाल परत करायला तयार आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं विनोद आहे. साहेबांनी मात्र त्याच दुपारी मंजुरी दिली. शाल माझ्याकडेच आहे, फार टोचते.

मंजुरी म्हणजे दुरुस्ती नव्हे. पत्रक भरायचं, विभागानं ते स्वीकारायचं, मग नोंद इकडून तिकडे सरकायची. बापाचा तक्ता मला पाहता येत नव्हता, पाहू नयेच. रेणूचा पाहता येत होता. म्हणून मी रोज सकाळी चहाच्या आधी तिच्या नावानं आत जायची. "माहिती उपलब्ध नाही." तिच्या पानावर ओळ उमटली तर समजायचं की त्याच्या पानावरून पुसली गेली. आयुष्यात मी इतक्या आशेनं कोणाच्या करपात्र उत्पन्नाची वाट पाहिली नव्हती.

जुलै लागला. रेणू एकदा कागदावर सही करायला आली तेव्हा सहज विचारलं, बाबांचे कागद कोण करतं?

"वानखेडे सर. काटोलले, बाजारासमोर."

वानखेडेंना मी ओळखत होते. आमच्या संघटनेच्या सभेत हिशेबतपासणीपेक्षा जेवणावर जास्त प्रश्न विचारणारे गृहस्थ. काम मात्र चोख. मी दोन दिवस फोनकडे बघत राहिले. त्यांना काय सांगायचं? अमुक अशिलाचा तक्ता उघडू नका, असं म्हटलं तर फोन ठेवायच्या आत ते तोच उघडतील. मीही उघडला असता. माझ्या अशिलाचं मी बोलू शकत नाही, त्यांच्या अशिलाचं त्यांनी बोलू नये, आणि दोघांच्या मध्ये ती मुलगी.

शेवटी केला.

"काय वानखेडेसाहेब, कसा आहे सीझन?"

"काय सांगू मॅडम. साइट चालून नाही राहिली, आणि पार्टी म्हणते तुमचंच नेट खराब आहे."

"एआयएस उघडता का सगळ्यांचं?"

"मंग? उघडतो, छापतो, पार्टीच्या हातात देतो, सही घेतो. उद्या म्हणाले नाही पाहिजे की वानखेडेनं सांगितलं नव्हतं."

"संत्रावाल्यांचंही?"

"ते येतात आखरीले. काहून मॅडम? काही विशेष?"

"नाही हो. या वर्षी बँकांच्या चुका फार निघून राहिल्या. दुसऱ्याचं व्याज तिसऱ्याच्या पॅनवर. तुमच्या कोणाचं तसं दिसलं तर घाई करू नका, दुरुस्ती होते."

"कोणत्या बँकेच्या?"

"सगळ्याच."

"बरं," म्हणाले. "पाहतो मी."

फोन ठेवला आणि त्या "पाहतो"नं माझी झोप नेली. मी काम सोपं केलं होतं की त्यांना शोधायला लावलं होतं, हे मला ठरवता येईना. घरी यजमान म्हणाले, तू काही चूक सांगितली नाहीस. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांचं सांत्वन मी धरत नाही.

शकूमावशी मधूनमधून भोजनालयाच्या फोनवरून विचारायची, "झालं का वं मॅडम?" तिला तक्ता, पॅन, दुरुस्ती यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढं कळलं होतं की कुठंतरी एका पडद्यावर तिच्या गावाचं नाव लिहिलेलं आहे आणि ते पुसलं गेलेलं नाही. गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटोल आगाराची पाटी असलेली गाडी दिसली की ती लाटणं ठेवून बाहेर जाऊन उतरणारी माणसं बघून यायची. पोळ्या करपतात म्हणून मालकाची बोलणी खायची.

साक्षीचा दिवस आला तरी पान कोरंच होतं. वैशालीनं रेणूला मागच्या दारानं कोर्टात नेलं. मी महालात खोलीवर बसले. समोर दोन अशील बसले होते आणि मी एकाच्या घरभाड्याचा आकडा दुसऱ्याच्या विवरणपत्रात टाकला. त्यांनीच दाखवलं. दुपार उलटून गेल्यावर वैशालीचा फोन आला.

"झाली. एकदा पाणी मागितलं. बाकी सगळं बोलली. बापाचंही."

"तो आला होता?"

"नाही. व्हरांड्यात, फाटकावर, कुठंच नव्हता. मी दोनदा बघून आले."

त्यानंतरच्याच आठवड्यात रेणूच्या पानावर ती ओळ उमटली. रामटेक शाखा, व्याज, कापलेला कर. मी मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "मंग आता बसकडे पाहायले नको ना?" मी म्हटलं, नको. मावशीच्या सहीनं रेणूचं विवरणपत्र भरलं, कर परत मागितला. मला वाटलं प्रकरण मिटलं. वेळेत जोडलेला धागा, गाठही दिसत नाही. त्या आनंदात मी वैशालीला जेवायलाही नेलं.

पावसाळा सरल्यावर संघटनेची सभा झाली. जेवणाच्या रांगेत वानखेडे माझ्या मागे होते.

"मॅडम, तुम्ही म्हटलं होतं ना ते, बँकांच्या चुका. माझ्या एका पार्टीचं निघालं बरं तसंच. संत्र्याचा माणूस. नेहमी आखरीले येणारा, यंदा जुलैच्या पहिल्याच हप्त्यात आला. मोबाइलवर मेसेज पाहून घाबरला होता."

माझ्या ताटात कोणीतरी वरण वाढलं. मी ते बघत राहिले.

"मी छापून दिलं. म्हटलं, हे रामटेकचं व्याज तुमचं आहे का? तो कागद घेऊन बसला बाप्पा. बोलेच ना. मी म्हटलं, तुमचं नसंल तर तिथं नाकारता येते, ही माहिती आपली नाही असं कळवता येते, बटण आहे. म्हणे, नाकारू नका. म्हटलं, टॅक्स लागंल. म्हणे, जे होते ते भरून टाका. मी म्हटलं बी, की आमच्या नागपूरच्या मॅडम म्हणत होत्या बँकेच्या चुका होऊन राहिल्या, थांबा जरासं. तं म्हणे, चूक नाही. भरा." वानखेडेंनी ताटात भात घेतला. "मग त्याच दिवशी भरून टाकलं. नंतर पाहतो तं एंट्रीच गायब. असा माणूस नाही पाहिला. लोक आपलं असून नाही म्हणतात."

मी जेवले नाही. घरी येऊन वैशालीला सगळं सांगितलं. त्याला जुलैच्या सुरुवातीलाच कळलं होतं, म्हणजे आम्ही सगळ्याजणी पळत होतो, मी रोज सकाळी रेणूचं पान उघडत होते, मावशी गाड्या बघत होती, तेव्हा तो कागद त्याच्या घरात होता. रामटेक काही मुंबई नाही. भोजनालयांत चौकशी करायला एक दुपार पुरली असती.

त्यानं तसं का केलं, यावर वैशालीचं एक मत आहे आणि माझी दोन आहेत. पश्चात्ताप असेल. किंवा, कर भरून त्यानं सरकारदरबारी लिहून ठेवलं असेल की ती अजून माझी आहे. वैशाली म्हणते, घाबरला, दुसरं काही नाही. विवरणपत्रावरून यातलं काहीच कळत नाही, आणि विवरणपत्र वाचणं एवढंच मला येतं. एकाच व्याजावर आता दोन माणसांनी उत्पन्न म्हणून सही केली आहे. विभागाची विचारणा अजून आलेली नाही. येईल, तेव्हा पुस्तकाप्रमाणे त्याचीच बाजू बरोबर ठरण्याची भीती आहे. मी रोजचं टपाल त्याच भीतीनं उघडते.

रेणूला सांगायचं की नाही यावर आमचं भांडण झालं. ती अठरा वर्षांची झाली, तेव्हा विभागाच्या संकेतस्थळावरची नोंदणी तिच्या स्वतःच्या नावानं करून घ्यायला मावशीबरोबर आली. वैशालीही होती. सांगितलं मीच. साक्ष ज्यानं दिली त्याच्यापासून साक्षीशी जोडलेलं काही लपवू नये, असं मला वाटलं.

तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "म्हणजे माझ्या साक्षीच्या आधी माहीत होतं त्याले?"

"हो."

"रामटेक म्हणून?"

"हो."

"मग आला काहून नाही?"

वैशाली म्हणाली, "अगं, नाही आला ते बरंच झालं ना."

"बरंच झालं," रेणू म्हणाली. पण ती माझ्याकडेच बघत होती, जसं काही मी पुढचं पान उलटून सांगणार होते.

मी कामाकडे वळले. मला तेवढंच सुचतं. विभागाची पत्रं कुठं यायची तो पत्ता भरायचा होता. माझ्या खोलीचाच घालायचा असं आमचं आधीच ठरलं होतं, मी तो अर्धा लिहिलाही होता.

"रामटेकचा टाका," ती म्हणाली.

"रेणू," वैशाली म्हणाली.

"टाका मॅडम. माहीतच आहे तं त्याले."

मी मावशीकडे पाहिलं. ती रेणूकडेच बघत होती. मी माझा पत्ता पुसला आणि तिचा टाकला, घर, गल्ली, गाव, सगळं. रेणूनं एकेक अक्षर वाचून बघितलं आणि मान हलवली.

जाताना ती जिना उतरून पुढे गेली, यावेळी मागे न बघता. मावशी दारात चपला शोधत रेंगाळली. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, एखादा सुतार पाहून ठेवा ना ओळखीचा. आतून दुसरी कडी बसवून घेईन म्हणते."